जिलबीची राखण

डॉक्टर निशिगंधा माने कराडहून इंदूरला सर्जरी शिकायला आली आणि पहिले तीन आठवडे पोहे-जिलबीच आणत राहिली. हे म्हणणं जरा अन्यायाचं आहे हे कबूल. त्या तीन आठवड्यांत तिने रक्तं काढली, जखमा धुतल्या, एक्स-रेची पाकिटं घेऊन चार मजले चढली-उतरली आणि एकदा तर उभ्या उभ्या लिफ्टमध्ये झोपून तळघरापर्यंत जाऊन आली. पण युनिटमध्ये तिला ओळखायचे ते नाश्त्यामुळे.

रिवाजच तसा होता. युनिटमधल्या सगळ्यांत नव्या जेआर-वनने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरने, सकाळी सातला फाटकासमोरच्या दुकानातून साऱ्यांचा नाश्ता आणायचा. पोहे, वर शेव, वेगळ्या पुड्यात जिलब्या. माणसं अकरा, आणि युनिटचे प्रमुख शुक्ला सर दोन खातात, म्हणून जिलब्या मोजून बारा. राउंड संपला की वाटप. सर पहिले, मग लेक्चरर, मग मोठे रेसिडेंट, मग सिस्टर, आणि आणणारी शेवटी. हा नियम कुणी केला ते ठाऊक नव्हतं. मोडायची हिंमत मात्र गेल्या वीस वर्षांत कुणाला झालेली नव्हती.

तिला हे सगळं समजावलं तिच्याहून एक वर्ष पुढे असलेल्या देवांशने. देवांश पलासियाचा, पक्का इंदुरी, वॉर्डातला सगळ्यांत आनंदी माणूस. हा वॉर्ड बहुतेक करून डायबिटीसने सडलेल्या पायांचा. देवांशने एका निवांत दुपारी हिशेब लावला होता की वॉर्डात पेशंट एकवीस आहेत आणि पायाची बोटं मिळून एकशे ब्याऐंशी. पहिल्या दिवशी हे ऐकून निशिगंधाने हातातला चहा खाली ठेवला. चौथ्या दिवशी तिनेच त्याला सांगितलं की आता एकशे एक्क्याऐंशी, सकाळी एक कमी झालं. सांगून झाल्यावर तिला स्वतःची थोडी भीतीही वाटली.

ते कमी झालेलं बोट बेड नंबर बाराचं होतं. बेड नंबर बारा म्हणजे मालोजीराव खरात, वय सत्तर. त्यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत घोडे सांभाळायचे आणि ते स्वतः सांवेर रोडवर पंपांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. पणजोबांच्या घोड्यांविषयी आणि स्वतःच्या नटबोल्टांविषयी ते सारख्याच अभिमानाने बोलायचे. डाव्या पायाची करंगळी कापून टाकल्यावर शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पायाकडे बघितलं, उरलेली बोटं मोजली आणि निशिगंधाला म्हणाले, "एक वर पाठवलं, बेटा. जाऊन माझ्यासाठी जागा धरून ठेवेल."

त्या दिवसापासून ते तिचे काका झाले. दिवसभर मोडक्यातोडक्या हिंदीत बोलून तिची जीभ थकून जायची. पेशंट तिला "सिस्टर" म्हणायचे, तिने पाऊण तास तपासल्यावर "डॉक्टर कब आएंगे" असं विचारायचे. मालोजीराव मात्र तिच्याशी मराठीत बोलायचे. ती मराठी अशी की कराडात कुणी ऐकली असती तर बोलणाऱ्याकडे दोनदा वळून बघितलं असतं. "मी सोचून राहिलो होतो की आज तुम्ही लेट झाल्या," असं ते म्हणायचे आणि तिला बरं वाटायचं. म्हणून सकाळी रक्तं काढताना आणि साखर तपासताना ती दोन्ही रांगा आधी संपवायची आणि बारा नंबर शेवटी घ्यायची. दिवसातली तेवढी दहा मिनिटं तिची स्वतःची होती.

आता प्रश्न असा, की सातला आणलेला नाश्ता नऊच्या राउंडपर्यंत ठेवायचा कुठे. ड्युटीरूमची किल्ली देवांशकडे आणि तो यायचा साडेआठला. सिस्टरच्या टेबलावर ठेवावा, तर सुनंदा सिस्टरने साफ मनाई केली होती, कारण मागच्या वर्षीच्या जेआर-वनच्या जिलबीमुळे केसपेपरांना मुंग्या लागल्या होत्या आणि एका मुंगीसकट रिपोर्ट सरांपुढे गेला होता. खिडकीत ठेवला तर कबुतरं, आणि त्यांनी टोचलेली जिलबी रोज तिच्याच वाट्याची धरली जायची. पहिला आठवडा संपता संपता मालोजीरावांनीच तोड काढली. त्यांचा बेड कोपऱ्यातला, शेजारी मोठा लॉकर, आणि पायाला बँडेज असल्यामुळे ते कुठे जाणारही नव्हते.

"इथे ठेवा," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. एक बोल्ट इकडचा तिकडे नाही झाला."

निशिगंधाने विश्वासाने पुडा त्यांच्या लॉकरवर ठेवला. तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या नाही आलं, कारण ती चौतीस तास जागी होती. शिवाय काकांनी गोड सोडल्याला सहा वर्षं झाली, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं आणि त्यांच्या पत्नीने, वसुधाबाईंनी, देवाची शपथ घालून त्याला दुजोरा दिला होता. वसुधाबाई रोज अकराला येऊन नवऱ्याला ज्वारीची भाकरी आणि दुधीची भाजी खाऊ घालायच्या आणि शेवटच्या घासापर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

त्याच आठवड्यापासून दोन गोष्टी बिघडल्या. पहिली म्हणजे जिलब्या कमी भरायला लागल्या. आधी एक. ती अर्थातच निशिगंधाच्या वाट्याची, तेव्हा बोंब झाली नाही. मग दोन कमी झाल्या. ती दुसरी सुनंदा सिस्टरच्या वाट्याची निघाली आणि मग मात्र बोंब झाली. ती दुकानात जाऊन आपल्या हिंदीत भांडली. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यासमोर एकेक जिलबी उचलून मोठ्याने मोजायला लागला, मागे रांगेतले लोकही त्याच्याबरोबर मोजायला लागले. बारा. राउंडनंतर पुडा उघडला की दहा. एकदा तर नऊ. झोप झाली नाही की माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. आपल्याला आता बारापर्यंतही मोजता येत नाही, अशी तिने मनाशी कबुली देऊन टाकली.

दुसरी गोष्ट गंभीर होती. मालोजीरावांची साखर. दुपारची बरी यायची, संध्याकाळची बरी यायची, सकाळची उपाशीपोटीची तेवढी तीनशेच्या घरात. शुक्ला सर रोज तक्ता बघायचे, भुवया उंचवायचे आणि रात्रीचं इन्सुलिन वाढवायचे. बारा युनिटांचं सोळा झालं, सोळाचं बावीस, बावीसचं चौतीस. सकाळची साखर जागची हलेना. जखम भरेना. कडेला पुन्हा काळपट दिसायला लागलं.

गुरुवारी सरांनी तक्ता मिटला आणि तिच्याकडे न बघता, सगळ्यांसमोर सांगितलं की हा बेड तिच्या नावावर आहे. शनिवारपर्यंत सकाळची साखर दोनशेच्या खाली आली तर जखमेवर कातडी लावू. नाही आली तर वाट बघण्यात अर्थ नाही, पाय घोट्याच्या वरून जाईल. मग त्यांनी विचारलं की साधी साखर आटोक्यात आणता येत नसेल तर मॅडम सर्जरीत काय करायला आल्या आहेत. निशिगंधाने तक्ता उचलून पलंगाला परत अडकवला.

दुपारी ती ड्रेसिंगला बसली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मालोजीरावांनी ते बघितलं. पायाचं त्यांना कळलं होतंच, सर काही हळू बोलत नसत. पण पाय आपला असून रडतेय ही, हे त्यांना सोसेना. तिची समजूत काढायला म्हणून ते म्हणाले की डोकं चालायला गोड लागतं, तेव्हा उद्या सकाळी तिने दोन जिलब्या जास्त खाव्यात.

निशिगंधाला त्या अवस्थेतही हसू आलं. म्हणाली, "काका, इंदूरला येऊन तीन आठवडे झाले, मला अजून एकही जिलबी मिळालेली नाही. शेवटी घेणारी मीच. माझ्यापर्यंत येईतो पुडा रिकामा असतो."

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज. आई फोनवर विचारते, काही खाल्लंस का. मी हो म्हणून सांगते."

मालोजीरावांनी तोंड खिडकीकडे वळवलं. तिला वाटलं, औषध झोंबलं असेल. तिने हात हलका केला आणि उरलेलं ड्रेसिंग गुपचूप संपवलं.

शुक्रवारी सकाळी तिने नेहमीप्रमाणे पुडा लॉकरवर ठेवला. काका जागे होते. एरवी "आलात का" म्हणणारे, आज नुसते हसले. तिला कपाळावर घाम दिसला, पण पंखा जेमतेम फिरत होता आणि वॉर्डात सगळ्यांनाच घाम होता. ती बेड नंबर एककडे गेली.

ती बारापाशी परतली तेव्हा सव्वाआठ वाजत आले होते. मालोजीराव घामाने चिंब भिजले होते, हात थरथरत होते. तिच्याकडे बघून त्यांनी रजिस्टरमध्ये सही करायला सांगितलं. मग म्हणाले, अठरा नंबरचा पाना कोण घेऊन गेलं, तो आणल्याशिवाय स्टोअर बंद होणार नाही. तिने हाक मारली तेव्हा त्यांनी ओळख नसल्यासारखं बघितलं आणि त्यांची मान एका बाजूला कलली.

तिने बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला, अडतीस.

तीनशेच्या खाली कशी आणायची म्हणून सगळं युनिट पंधरा दिवस डोकं फोडत होतं, आणि आज साखर माणूस मरण्याइतकी खाली होती. निशिगंधाने सुनंदा सिस्टरला हाक मारली ती पलीकडच्या वॉर्डात ऐकू गेली. सिस्टर ग्लुकोजच्या बाटल्या घेऊन धावतच आल्या. हाताला सलाईनची सुई नव्हती, ती कालच काढली होती. सत्तरीचा हात, घामाने गार, शिरा सगळ्या बसलेल्या. गेल्या तीन आठवड्यांत तिला शीर पहिल्या फटक्यात क्वचितच सापडली होती आणि वॉर्डात त्यावरून विनोद होते. त्या दिवशी तिने ओठ दाबून सुई घातली आणि नळीत रक्त दिसलं. सिस्टरनी ग्लुकोज हळूहळू आत सोडलं. निशिगंधा मालोजीरावांचा दुसरा हात धरून नुसती उभी राहिली. तिला त्या क्षणी पाय, शनिवार, सर, काही आठवत नव्हतं. हा माणूस जाऊ नये, एवढंच वाटत होतं.

चार-पाच मिनिटांनी मालोजीरावांनी डोळे उघडले. तिने नाव विचारलं, त्यांनी नाव सांगितलं. कुठे आहात विचारलं, तर म्हणाले, "तुमच्याजवळ."

सुनंदा सिस्टरनी कपाळ पुसलं. आता यांच्या पोटात काहीतरी जाऊ दे, नाहीतर अर्ध्या तासात साखर पुन्हा खाली जाईल, एवढं सांगून त्या चहा-बिस्किटं बघायला गेल्या. दवाखान्याचा नाश्ता यायला अवकाश होता. निशिगंधाने इकडेतिकडे बघितलं. लॉकरवर पुडा होता. रबरबँड तिने घातलं होतं तसंच, दोन वेढ्यांचं. तिने ते काढलं आणि एक जिलबी मोडून त्यांच्या तोंडाशी नेली.

मालोजीरावांनी ओठ घट्ट मिटले.

"काका, खा."

"ती तुमची आहे," ते म्हणाले.

तिला काही कळलं नाही. तिने दम देऊन तोंड उघडायला लावलं. पहिला तुकडा गेला, दुसरा गेला, आणि तिसरा तिच्या हातात असताना मागे बुटांचे आवाज थांबले. शुक्ला सर त्या दिवशी अर्धा तास आधी आले होते. त्यांच्या मागे अख्खं युनिट. साऱ्यांनी जे दृश्य बघितलं ते असं, की ज्या पेशंटची साखर उतरत नाही म्हणून पाय कापायचा आहे, त्याला जेआर-वन स्वतःच्या हाताने जिलबी भरवते आहे. देवांशने डोळे मिटून घेतले.

"डॉक्टर माने," सर म्हणाले, "यह क्या है?"

तिने सांगितलं. साखर अडतीस होती, ग्लुकोज दिलं, आता शुद्ध आहे. सरांनी विचारलं की काल तीनशे दहा आणि आज अडतीस, हे कसं. ती तोंड उघडणार तेवढ्यात तिची नजर पुड्यात गेली. एक तिने मोडलेली, बाकी अकरा. दहा नाही, नऊ नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा जिलब्या बरोबर भरल्या होत्या. मग तिने मालोजीरावांकडे बघितलं आणि सगळंच तिच्या एकदम ध्यानात आलं. कमी भरणाऱ्या जिलब्या. तिने शेवटी तपासलेली, म्हणून उपाशीपोटीची कधी नसलेलीच ती साखर. पाकाचं बोट, ज्याला ती रोज सुई टोचत होती.

गप्प बसणं सोपं होतं. इन्सुलिन जास्त झालं, एवढंच म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. पण मालोजीराव उशीवरून उठायची धडपड करत होते.

"साहब, चोर मैं हूं," ते म्हणाले. "सुबह जी घबराता था, हाथ कांपते थे. एक खाई तो आराम पड़ गया. फिर रोज खाई. कल मालूम पड़ा, इस बच्ची के हिस्से की थी. इसलिए आज नहीं खाई."

"सर, पुडिया मैं ही इनके पास रखती थी," निशिगंधा म्हणाली. "और शुगर सबसे आखिर में चेक करती थी. गलती मेरी है."

सरांनी तक्ता मागितला. बराच वेळ ते रात्रीच्या डोसांच्या रकान्यावरून बोट फिरवत राहिले. बारा, सोळा, बावीस, चौतीस. प्रत्येक आकड्यापुढे सही होती आणि ती निशिगंधाची नव्हती. रात्री आपण घालत होतो ते विष आणि सकाळी हा माणूस चोरून खात होता तो उतारा, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना युनिटने पहिल्यांदाच बघितलं.

"डोस तो मैंने बढ़ाया," ते अखेर हळू आवाजात म्हणाले. त्यांनी चौतीस खोडून चौदा लिहिलं. यापुढे बारा नंबरची साखर सगळ्यांत आधी, साबणाने बोट धुवून, असं सांगितलं. पुढच्या बेडकडे जाता जाता थांबून तिला म्हणाले की पेशंटजवळ जिलबी ठेवणारा डॉक्टर त्यांनी वीस वर्षांत बघितला नव्हता. त्यांनी त्या दिवशी स्वतः एकही जिलबी घेतली नाही. वसुधाबाईंना हे अकरा वाजता कळलं. त्यानंतर अर्धा तास मालोजीराव डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून होते आणि औषधपाण्याला कुणी त्या बाजूला फिरकलं नाही.

शनिवारी सकाळी सहाला बोट धुवून साखर तपासली. एकशे अठ्ठ्याहत्तर. सोमवारी मांडीची कातडी काढून जखमेवर लावली. ती धरते की नाही हे पाचव्या दिवशी पट्टी सोडल्यावर कळतं. ते पाच दिवस निशिगंधाने कसे काढले ते तिलाच माहीत. पट्टी तिनेच सोडली. खाली गुलाबी, ओलसर, जिवंत कातडी होती. मालोजीरावांनी विचारलं, किती उरली. ती म्हणाली, नऊ. तेवढं सांगून तिने मास्क उगीचच वर ओढला.

त्यांना घरी सोडायचं होतं त्या सकाळी ती पुडा घेऊन वॉर्डात शिरली. आता नाश्त्यासाठी सुनंदा सिस्टरनी औषधांच्या कपाटात एक खण मोकळा करून दिला होता. तिकडे जाता जाता ती थांबली, वळली आणि पुडा बारा नंबरच्या लॉकरवर ठेवला.

"लक्ष ठेवा, काका," ती म्हणाली आणि मागे न बघता रक्तं काढायला निघून गेली.

मालोजीराव ताठ उठून बसले. ती परत आली तेव्हाही ते तसेच बसले होते, पुडा मांडीवर घेऊन, दोन्ही हात त्यावर ठेवून. एक जिलबी मात्र लॉकरवर स्वच्छ कागदावर काढून ठेवली होती. तिने पुड्यासाठी हात पुढे केला, त्यांनी तो दिला नाही. आधी ही खा, मग पुडा मिळेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. राउंड व्हायचाय, सर पहिले घेतात, वीस वर्षांचा रिवाज आहे, असं तिने परोपरीने सांगून बघितलं. स्टोअरमधला माल स्टोअरकीपरच्या मर्जीशिवाय बाहेर जात नाही, एवढंच ते म्हणाले.

निशिगंधा स्टुलावर बसली आणि तिने इंदूरची पहिली जिलबी तोंडात घातली. गार झाली होती, पाक बोटांवर घट्ट बसत होता. एवढ्यात ॲप्रनच्या खिशात फोन वाजला. आईची वेळ. तिने चिकट बोटांनी कसाबसा तो उचलून कानाला लावला. आईने रोजचंच विचारलं. तोंड भरलेलं, बोलता येईना, आणि डोळेही भरून आलेले. मालोजीरावांनी हात लांब करून फोन तिच्याकडून घेतला.

"बहेनजी, खाऊन राहिली आहे," ते म्हणाले. "मी समोर बसून बघून राहिलो."